काट्यावरून : निळ्या पेन्सिलची खूण

जळगावच्या एका डाळ मिलमध्ये मी ३४ वर्षं नोकरी केली. सुरुवातीला वजनकाट्यावर होते, नंतर हिशेबखात्यात. २०२२ मध्ये निवृत्त झाले, तेव्हापासून कामाच्या जागी येणाऱ्या अडचणींची तुमची पत्रं वाचते आणि मला जे कळतं ते लिहिते. या वेळी आलेल्या पत्रांतली तीन पत्रं कामातल्या नावाबद्दल आहेत, म्हणून एकत्र घेतली. पत्रं लिहिणाऱ्यांची नावं-गावं छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई, मी २७ वर्षांचा आहे. रावेर तालुक्यात केळीच्या पॅकहाऊसवर चार वर्षं सुपरवायझर आहे. मागच्या हंगामात एक कंटेनर भरताना शेवटच्या ट्रॉलीतल्या काही घडांवर पिवळी झाक दिसली. तीन-चार फण्या मी बाजूला काढल्या, बाकीचा माल पेट्यांत गेला. रात्रीचे अकरा वाजले होते, ड्रायव्हर घाई करत होता, मी कोणाला काही बोललो नाही. माल आखातात उतरला तेव्हा तिकडच्या व्यापाऱ्याने फोटो पाठवले. कितीतरी पेट्या पिकून गेल्या होत्या. मालकांनी विचारलं तेव्हा मी ‘भरताना माल हिरवागार होता’ असं सांगितलं. पुढे ग्रेडिंगच्या एका बाईंनी सांगून टाकलं की मी फण्या काढल्या होत्या. मालकांनी मला काढलं नाही, पण आता कंटेनर माझ्या मागून आलेल्या मुलाकडे देतात. चार वर्षांचं नाव एका रात्रीत गेलं. ते परत येतं का, की दुसरीकडे बघू?

उत्तर : दादा, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तुझं नाव त्या रात्री गेलेलं नाही. मालकांनी विचारलं आणि तू ‘हिरवागार होता’ म्हणालास, तेव्हा ते गेलं. या दोन गोष्टी वेगळ्या धरल्यास तर पुढची वाट दिसेल.

केळीच्या धंद्यात माल बिघडतो हे तुझ्या मालकांना तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पिकायला लागलेली एक फणी इथिलीन नावाचा वायू सोडते आणि शेजारच्या फण्यांनाही पिकायला लावते, मग बंद कंटेनरमध्ये १३-१४ अंश राखले तरी ते थांबवणं अवघड जातं. अशा वेळी मालकाच्या हातात एकच गोष्ट असते, वेळ. दार लावण्याआधी कळलं असतं तर त्या ट्रॉलीच्या पेट्या उतरवून इथल्याच बाजारात गेल्या असत्या. जहाज वाटेत असताना कळलं असतं तरी व्यापाऱ्याला आधी सांगून त्या पेट्या पहिल्यांदा विकायला लावता आल्या असत्या. तू तोंड उघडलं नाहीस, त्यामुळे त्यांचा तेवढा वेळ गेला. शिवाय १३ किलोच्या पेटीवर जळगावचं नाव असतं. आपल्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे यावल-रावेरच्या किती शेतकऱ्यांची मेहनत आहे. पिकलेली पेटी उघडणारा माणूस तुझं नाव घेत नाही, जळगावचं घेतो. मालकांना लागलं असेल तर ते हेच.

आता माझं ऐक. हे मी फार थोड्या लोकांना सांगितलं आहे.

मी १९८८ मध्ये बी. कॉम. होऊन मिलच्या काट्यावर लागले. १९९० च्या जानेवारीत तुरीचा हंगाम जोरात होता. चोपडा तालुक्यातले एक शेतकरी ट्रॅक्टरने तूर घेऊन आले. भरलेल्या ट्रॉलीचं वजन झालं, माल उतरला, आणि रिकामी ट्रॉली काट्यावर यायच्या आत वीज गेली. मागे गाड्यांची रांग. तीन दिवसांपूर्वी हीच ट्रॉली येऊन गेली होती, म्हणून मी तेव्हाच्या पावतीवरचं रिकामं वजन यावेळी लावलं आणि त्यांना मोकळं केलं. संध्याकाळी पावत्या लावताना दिसलं की मागच्या खेपेला ट्रॉलीला जादा फळ्या होत्या, ताडपत्रीही होती. यावेळी दोन्ही नव्हत्या. म्हणजे रिकामं वजन मी जास्त धरलं आणि तितकी तूर त्यांच्या हिशेबातून कमी झाली. ९० किलो.

मला त्याच संध्याकाळी समजलं होतं. मुख्य मुनीमकाका समोरच्या गादीवर बसले होते, दहा पावलांवर. मी पावत्यांना टाचणी लावली आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशीही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ते शेतकरी स्वतः आले. त्यांनी गावातून निघताना वजन करून घेतलं होतं. आवाज चढवला नाही. खिडकीशी उभं राहून एवढंच म्हणाले, ‘मना मालना काटा परत देखी ले वं ताई.’ म्हणजे, माझ्या मालाचं वजन पुन्हा बघून घे. मुनीमकाकांनी दोन्ही पावत्या मागवल्या, शेजारी शेजारी ठेवल्या आणि माझ्याकडे पाहिलं. मला विचारलं, तुला कधी कळलं? मी खरं सांगितलं. परवाच. काकांनी त्या शेतकऱ्यांना ९० किलोचे पैसे रोख मोजून दिले, चहा पाजला, स्वतः फाटकापर्यंत सोडायला गेले. मला रागावले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून माझी प्रत्येक पावती त्यांच्यासमोर जाऊ लागली. ते बेरीज-वजाबाकी पुन्हा करायचे आणि कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीने बरोबरची खूण करायचे. हमाल उभे, ड्रायव्हर उभे, दलाल बसलेले, आणि सगळ्यांसमोर ती पेन्सिल. इतर कोणाच्या पावतीवर ती खूण नसायची. मला रोज जमिनीत गडप व्हावंसं वाटायचं. दोनदा राजीनामा लिहिला आणि फाडला. घरी वडील म्हणाले, खूण करतायत म्हणजे अजून तुझी पावती चालवतायत.

जूनमध्ये सुरतेला डाळीची गाडी गेली, ५० किलोचे २४० कट्टे. गाडी धुळ्याच्या रस्त्याला लागली आणि बारदानाचा, म्हणजे रिकाम्या पोत्यांचा, हिशेब मांडताना लक्षात आलं की ३० कट्ट्यांवर ‘फटका’चा मार्का पडलाय, आत ‘सवा नंबर’ आहे. फटका म्हणजे वरच्या दर्जाची डाळ, सवा नंबर तिच्या खालची. मार्का मारणारा दुसरा होता, पण बारदान मी मोजून दिलं होतं. रात्रीचे नऊ वाजले होते. मी भावाला सोबत घेऊन काकांच्या घरी गेले. ते जेवायला बसले होते. दारातूनच सांगितलं, काका, ३० कट्टे चुकीचे गेलेत, चूक माझ्याकडून झाली. ते ताटावरून उठले, हात धुतला, सुरतेच्या दलालाला ट्रंक कॉल लावला. सकाळी गाडी पोचायच्या आत ते कट्टे वेगळे काढायचं ठरलं होतं. दलालाने सवा नंबरचा भाव धरून हिशेबाची पट्टी पाठवली आणि पुढचा सौदाही आमच्याकडेच केला.

आठ-दहा दिवसांनी पावत्या फाइलला लावताना पाहिलं, दोन दिवसांच्या पावत्यांवर निळी खूण नव्हती. कोणी काही बोललं नाही, मीही विचारलं नाही. मध्ये पाच महिने गेले होते.

म्हणून तुला सांगते, नाव परत येतं. पण तू आता गप्प मान खाली घालून काम करत राहिलास तर येणार नाही. गप्प राहूनच ते गेलं आहे. या आठवड्यात मालकांना सकाळी, कामाची गडबड सुरू व्हायच्या आत, एकटं गाठ. चूक पदरात घे. ‘मला पिवळी झाक दिसली होती, मी सांगितलं नाही, आणि विचारल्यावर खोटं बोललो,’ एवढं तीन तुकड्यांत बोल. ड्रायव्हरची घाई, रात्रीची वेळ, मजूर कमी होते, यातलं काहीही त्यात घालू नकोस. ते खरं असेल, पण तिथे त्याची जागा नाही. कंटेनर परत द्या असंही म्हणू नकोस.

मग तुझ्याकडे जे काम उरलं आहे त्यात सुरुवात कर. प्रत्येक ट्रॉलीमागे एक ओळ लिही : कोणाची बाग, कापणी किती वाजता, कॅलिपरचं (केळीची जाडी मोजायच्या साधनाचं) माप, तुरटीच्या पाण्यातून निघाल्यावर फणी कशी दिसली, किती बाजूला काढल्या आणि का. ती ओळ माल पॅक व्हायच्या आत मालकांच्या फोनवर जाऊ दे. वाईट असेल ते ओळीत सगळ्यात आधी. पहिले काही आठवडे ते उत्तरही देणार नाहीत. एक दिवस तुझी ओळ वाचून ते एखादी ट्रॉली परत पाठवतील. तो दिवस लक्षात ठेव, तुझं नाव वर यायला तिथून लागेल.

आणि त्या ग्रेडिंगच्या बाई. तुझ्या पत्रात त्यांच्याबद्दल ‘सांगून टाकलं’ असं आलंय, त्यात मला राग दिसला. दादा, रोजंदारीवरची बाई सुपरवायझरविरुद्ध खरं बोलते तेव्हा ती स्वतःची हजेरी पणाला लावते. त्या बोलल्या नसत्या तर मालकांनी सगळ्याच ग्रेडिंगच्या बायकांना दोष दिला असता. त्यांना भेट आणि सांग, तुम्ही बरोबर केलंत. उद्या कोणत्याही फणीवर झाक दिसली की त्या आधी तुला हाक मारतील, आणि पॅकहाऊसवर तुझ्यासाठी याहून मोठा आधार नाही.

दुसरी नोकरी बघायची असेल तर हे सगळं झाल्यावर बघ. रावेर, सावदा, फैजपूर हा पट्टा छोटा आहे, कंटेनरची गोष्ट तुझ्या आधी तिथे पोचलेली असेल. पण ‘त्याने येऊन कबूल केलं’ हेही त्याच वाटेने पोचतं.

प्रश्न : मी ३१ वर्षांची आहे, धुळ्यात एका फायनान्स कंपनीच्या शाखेत. वसुलीच्या कामातून वर येऊन सहा महिन्यांपूर्वी सहायक व्यवस्थापक झाले. शिरपूर, साक्रीच्या ग्राहकांकडे मॅनेजरांबरोबर ऑफिसच्या गाडीतून जावं लागतं. एक सहकारी ‘गाडीत बसायची बढती’ असं म्हणत फिरतो, त्याहून घाणही बोलतो. माझ्या दिरांच्या कानावर गेलं. घरचे म्हणतात, फिरतीचं काम सोड, नाव खराब होतंय. काय करू?

उत्तर : फिरती सोडू नको, ताई. पहिल्यांदा हेच सांगते.

घरचे ज्याला नाव म्हणतात ते आणि तुझं कामातलं नाव ही दोन खाती वेगळी आहेत. एका खात्यात कोणी चिखल टाकला म्हणून दुसऱ्यातली शिल्लक काढून देऊ नये. तू फिरती सोडलीस तर वसुली दुसरा करेल, ग्राहक दुसऱ्याला ओळखतील, आणि सहा महिन्यांनी तोच सहकारी म्हणेल, बघा, तिला काम जमतच नव्हतं. मी काट्यावरून हिशेबखात्यात गेले तेव्हा माझ्याबद्दलही बोललं गेलं होतं. महिनाभर मी संध्याकाळी पाचला घाईने घरी पळत सुटले, खतावणी अर्धवट टाकून. कोणाचंही तोंड त्यामुळे बंद झालं नाही, माझं काम मात्र मागे पडलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आता जे चाललंय ते नुसती कुजबुज नाही. स्त्रीबद्दल कामाच्या जागी लैंगिक स्वरूपाचं बोलणं हे २०१३ च्या कायद्यात लैंगिक छळ म्हणून येतं. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे मालकाला अंतर्गत समिती नेमावीच लागते. तिची अध्यक्ष वरिष्ठ महिला असते आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेतला असतो. तुझ्या शाखेत माणसं कमी असली तरी कंपनीची समिती असणारच, मुख्य कार्यालयाला लेखी विचार. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणच्या स्त्रियांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते, तिची माहिती जिल्हाधिकारी कार्यालयात मिळते. तक्रार लेखी लागते आणि प्रसंग घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत द्यावी लागते. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. म्हणून आजच एक वही घे. तारीख, जागा, त्याचे शब्द जसेच्या तसे, कोण समोर होतं. शब्द लिहायला लाज वाटेल. लाज बोलणाऱ्याची आहे, तू फक्त नोंद करतेस.

तक्रारीआधी त्याला एकदा समोरासमोर बोलायचं असेल तर दुसरी सहकारी सोबत ठेव आणि दोन वाक्यांत संपव. पण बोललंच पाहिजे असं नाही, थेट तक्रार करायचा तुला पूर्ण हक्क आहे. मॅनेजरांच्याही कानावर घाल. गाडीच्या नोंदवहीत जायची-यायची वेळ आणि भेटलेले ग्राहक ते दोघांच्या सहीने लिहू शकतात. हे तुझ्यावरच्या संशयासाठी नाही. कामाची नोंद कोणत्याही शाखेत असायलाच हवी.

दिरांना आणि घरच्यांना एकदा बसवून तुझे वसुलीचे आकडे दाखव. कोणतं खातं कसं सोडवलंस ते सांग. शिरपूरच्या एखाद्या थकबाकीदाराला हप्ते बांधून देऊन वाचवलं असशील तर ते सांग. घरात आपल्या कामाबद्दल आपण बोलतच नाही, मग घरच्यांना बाहेरून जे ऐकू येतं तेवढंच त्यांच्याजवळ राहतं. माझ्या सासूबाईंना तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांची जमा-नावे जुळवून बघणं, हे काय असतं ते मी लग्नानंतर बाराव्या वर्षी समजावलं. नंतर सासूबाईच शेजारणींना सांगायच्या, आमची सून शेवटचा पैसा जुळल्याशिवाय उठत नाही. ते दहा वर्षं आधी सांगायला हवं होतं मी.

प्रश्न : वय ४६. जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात ११ वर्षं मेंटेनन्सला आहे. दुसऱ्या चटईवाल्याने जास्त पगारावर बोलावलंय. शेठ चांगले आहेत, सोडताना वाईटपणा येऊ नये. हिशेबाचे पैसे मागितले तर नाव जाईल का?

उत्तर : भाऊ, हक्काचं मागितल्याने नाव जात नाही. न मागता मनात धरून बाहेर बोलत फिरल्याने जातं.

तुमच्या कारखान्यात दहा किंवा जास्त कामगार आहेत आणि तुमची सलग पाच वर्षं केव्हाच झाली आहेत, तेव्हा ग्रॅच्युइटी लागू आहे. शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. समजा ते दोन्ही मिळून १८,००० असतील, तर ११ वर्षांचे साधारण १ लाख १४ हजार २३१ रुपये होतात. देय झाल्यापासून ३० दिवसांत मिळायला हवेत. आधी शेठना तोंडी सांगा, कारखान्यात दुसऱ्या कोणाला कळायच्या आत, आणि त्याच दिवशी लेखी राजीनामा द्या. अर्ज आणि हा हिशेब कागदावर मांडून जोडा. शेठ चांगले आहेत तर त्यांच्या मुनिमालाही सोपं जाईल. पीएफ काढू नका, यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, तोच ठेवून नव्या जागी वळता करा. पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते, तुमची ११ भरली आहेत, ती मोडू नका. अनुभवाचा दाखला मागा.

नोटिशीचा पूर्ण महिना भरा. नवीन मालक ‘उद्याच या’ म्हणत असतील तर त्यांना सांगा की आज इथून तसा आलो तर उद्या तुमच्याकडूनही तसाच जाईन. समजदार माणूस हे ऐकून खूश होतो. इथले ग्राहक, रंगाचं मिश्रण, भाव यातलं काही सोबत नेऊ नका, कोणी मागितलं तरी.

आणि त्या महिन्यात तुमच्या जागी येणाऱ्याला सगळं हातात द्या. मेंटेनन्सवाल्याच्या डोक्यात जे असतं ते कोणत्याही रजिस्टरात नसतं. एक्सट्रूडरचा, म्हणजे प्लास्टिक वितळवणाऱ्या मशीनचा, कोणता हीटर उशिरा तापतो, कोणत्या लूमचा (मागाचा) कोणता भाग मे महिन्याच्या उन्हाळ्यात दमतो, कुठला स्पेअर कोणाकडे उसना मिळतो. एका शंभरपानी वहीत मशीनप्रमाणे लिहा, मराठीत, आपल्या शब्दांत. शेवटच्या दिवशी नव्या माणसाला ती समोर धरून प्रत्येक मशीन एकदा बंद-चालू करायला लावा, तुम्ही फक्त उभे राहा. वही शेठच्या हातात देऊन या. ग्रॅच्युइटीचे पैसे खात्यात आले की मला एक ओळ लिहा, मी वाट बघते आहे.